बिऱ्हाड पाठीवर घेण्यापूर्वीं

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे कौतुकानें सहसा वापरली जात नाहीं. ज्याला घरदार नाहीं, आज येथें तर उद्यां तेथें अशी ज्याची स्थिति, त्याला उद्देशून ती म्हणावयाची. परंतु अलीकडे चांगल्या घरचीं व हुशार मुलें बारावीची परीक्षा आटोपल्यावर, महाविद्यालयांत नांव घालण्यापूर्वीं एक वर्ष मोकळें ठेवून, पाठीवर सॅक टाकून दूरच्या प्रांतांत हिंडण्याची परवानगी आईबापांपाशीं मागूं लागलीं आहेत. या वर्षाला ते लोक ‘गॅप इयर’ म्हणतात व अशा हिंडण्याला ‘बॅकपॅकिंग’ म्हणतात. घरांत हा विषय निघाला म्हणजे प्रायः दोनच गोष्टी घडतात. एक तर ‘वेड लागलें आहे काय?’ एवढ्या प्रश्नांत तो संपतो, नाहीं तर दुसऱ्याच दिवशीं बाजारांत जाऊन बूट, सॅक व जाकिटें यांची खरेदी सुरू होते. आमच्या मतें या दोन्ही गोष्टी सारख्याच अविचाराच्या आहेत.

ही कल्पना आपण समजतों तितकी नवी नाहीं, आणि ती रुजविणाऱ्यांत एक शाळामास्तर होते हें आमच्या विद्यार्थ्यांस ऐकून मौज वाटेल. जर्मनींतील रिखार्ड शिरमान हे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांसह पायीं सहलीस निघाले असतां १९०९ च्या ऑगस्टांत त्यांना वादळानें गांठलें, व ती रात्र सर्वांना एका खेड्यांतील शाळेंत काढावी लागली. सुट्टींत रिकाम्या पडणाऱ्या शाळा पायीं फिरणाऱ्या मुलांना रात्रीपुरत्या उघडून द्याव्या, हा विचार त्यांना तेथें सुचला. आणि १९१२ सालीं आल्टेना येथील जुन्या किल्ल्यांत पहिलें कायमचें यूथ हॉस्टेल निघालें. आपल्या इकडे पंडिता रमाबाई लहानपणापासून आईबापांबरोबर, आणि तीं दोघें १८७४ सालीं वारल्यावर भावाबरोबर, पायीं देशभर फिरल्या; १८७८ सालीं त्या कलकत्त्यास पोहोंचल्या तेव्हां त्यांचें वय वीस वर्षांचें होतें. अर्थात् ती वणवण हौसेची नव्हती, दारिद्र्याची व दुष्काळाची होती. तिला आजच्या मोकळ्या वर्षाच्या पंक्तीस बसविणें योग्य होणार नाहीं. तथापि विशीच्या आंतील मुलगी हिंदुस्थानभर चालूं शकते, एवढें तरी तिजवरून दिसतें. आणि म्हणून या लेखांत जेथें ‘मुलगा’ असें येईल तेथें मुलीही त्यांत धरल्या आहेत असें वाचकांनीं समजावें.

सर्वसाधारण उपदेश करीत बसण्यापेक्षां एकच प्रदेश डोळ्यांपुढें ठेवून बोलणें बरें. महाराष्ट्रांतील मुलांच्या तोंडीं सध्यां ज्याचें नांव वरचेवर येतें तो प्रदेश लडाख होय. २०१९ पासून हा निराळा केंद्रशासित प्रदेश झाला आहे. तेथें जाण्यास परदेशचा परवाना लागत नाहीं, हिंदी बोललें तर पुष्कळांस समजतें, लोक शांत व आतिथ्यशील आहेत. आणि तरीही आपल्या कोंकण-देशावरच्या मुलाला तो परदेशाहून परका आहे.

मुख्य मुद्दा आम्ही आधींच सांगून टाकतों. अशा प्रवासांत जीं मोठीं संकटें ओढवतात, तीं सामान अपुरें पडल्यामुळें फारशीं ओढवत नाहींत. योग्य वेळीं थांबण्याचा किंवा मागें फिरण्याचा निर्णय न घेतल्यामुळें ओढवतात. आणि तो निर्णय मुलगा घेत नाहीं याचीं कारणें बहुधा घरांतच सांपडतात. त्यानें पूर्वीं कसलाच निर्णय घेतलेला नसतो, हें एक. आणि परत आल्यास आपलें हंसें होईल अशी त्यास भीति वाटते, हें दुसरें. सॅक बाजारांत मिळते. हीं दोन कारणें दूर करण्याचें काम मात्र आईबापांनीं वर्ष-दोन वर्षें आधीं हातीं घ्यावें लागतें.

ज्या मुलानें सतरा वर्षांत स्वतःचें रेल्वेचें तिकीट काढलेलें नाहीं, ज्याचा डबा आई भरते, फी वडील भरतात, आणि हरवलेला मोजाही दुसरें कोणी शोधून देतें, त्याला एकदम हिमालयांत पाठविणें हें पोहतां न येणाऱ्याला डोहांत ढकलण्यासारखें आहे. नववींत असतां त्याला एकट्याला एस. टी. नें मामाच्या गांवीं जाऊं द्यावें, तेंही मध्यें गाडी बदलावी लागेल अशा मार्गानें. पुढच्या वर्षीं सबंध कुटुंबाच्या प्रवासाची आंखणी व हिशेब त्याच्याकडे द्यावा. पिठलें-भात त्याला करतां आला पाहिजे, कपडे धुतां आले पाहिजेत, आणि महिन्याचा हातखर्च महिनाभर पुरवितां आला पाहिजे. यांत चुका होतील. त्या होऊं द्याव्या. बस चुकली असें कळतांच वडिलांनीं मोटार काढून धांवूं नये. थांब्यावर बसून, विचारपूस करून, आतां पुढें काय करावें हें ठरविण्यांत मुलाचा जो अर्धा तास जातो, त्यासारखा धडा आम्हांस वर्गांत देतां येत नाहीं.

यानंतर सह्याद्रि. आपल्या दाराशीं इतकी चांगली व्यायामशाळा असतां तिचा उपयोग न करणें हा करंटेपणा होय. राजगडाहून तोरण्यास डोंगराच्या सोंडेवरून जाणारी वाट, हरिश्चंद्रगडावरील मुक्काम, कळसूबाईची चढण, हीं पूर्ण भरलेली सॅक घेऊन करावीं. दोन दिवसांच्या ओझ्याची कल्पना एका दिवसाच्या सहलींत येत नाहीं. वाट शोधण्याचें काम मुलाकडे द्यावें व जाणत्या माणसानें मागून चालावें. पावसाळ्यांत ओढ्याला पाणी चढलेलें पाहून जीं मुलें पलीकडे न जातां परत येतात, त्यांचें घरीं व शाळेंत गड चढून आलेल्या मुलांइतकेंच कौतुक झालें पाहिजे. आपण बक्षिसें देतों तीं शिखर गांठणाऱ्यांना. ओढ्यावरून परतणाऱ्याला बक्षीस दिल्याचें आम्हीं तरी अजून कोठें पाहिलें नाहीं.

मात्र सह्याद्रि एक गोष्ट शिकवूं शकत नाहीं. कळसूबाई हें महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर ५,४०० फूट आहे. लेह शहराचा नुसता बाजार सुमारें ११,५०० फुटांवर भरतो. तेथील हवेंत प्राणवायूचा वांटा आपल्या इकडच्याप्रमाणेंच शेंकडा २१ असतो. परंतु हवेचा दाब मुंबईच्या मानानें सुमारें दोनतृतीयांशच असल्यामुळें प्रत्येक श्वासाबरोबर आंत जाणारा प्राणवायु त्या प्रमाणांत कमी होतो. शरीर या उणिवेशीं जुळवून घेतें. श्वास खोल व जलद होतो, लघवी अधिक होते, पुढें रक्तांतील तांबड्या पेशी वाढूं लागतात. पण या कामास दिवस लागतात, कांहीं फेरफारांस आठवडे लागतात. आणि विमान तर दिल्लीहून दीड तासाच्या आंत-बाहेर तेथें नेऊन सोडतें. विरळ हवेचा आजार उद्भवतो तो या घाईमुळें.

डोकें दुखणें हें त्याचें पहिलें लक्षण. त्याच्या जोडीला मळमळ, अन्नावर वासना नसणें, गळून गेल्यासारखें वाटणें, चक्कर किंवा झोप न लागणें यांपैकीं कांहीं असेल, तर दुसरें कारण शोधीत न बसतां हाच आजार आहे असें धरून चालावें. लक्षणें असेपर्यंत वर चढूं नये. एक-दोन दिवस विश्रांति घेतल्यानें बहुतेकांचीं लक्षणें जातात. वाढूं लागलीं तर मात्र खालीं उतरावें. याचीं दोन भयंकर रूपें आहेत. एकांत फुप्फुसांत पाणी सांचतें : बसल्या जागीं धाप लागते, खोकला येतो, पुढें फेसाळ, तांबूस कफ पडतो. दुसऱ्यांत मेंदूस सूज येते : तोल जातो, बोलणें असंबद्ध होतें. संशय आल्यास त्या मुलाला जमिनीवरील सरळ रेघेवरून, टांचेला पुढचा अंगठा लावीत, दहा-पंधरा पावलें चालावयास सांगावें. निरोगी माणूस चालतो, हा अडखळतो. अशा वेळीं सकाळची वाट पाहूं नये. मध्यरात्र असली तरी, मिळाल्यास प्राणवायु देऊन, त्याला खालीं न्यावें व जवळचें रुग्णालय गांठावें. त्याला एकटें पाठवूं नये व एकटें ठेवूंही नये.

शक्तीचा व या आजाराचा संबंध नाहीं, हें पालकांनीं विशेष लक्षांत घ्यावें. क्रिकेटच्या संघाचा कर्णधार यांतून सुटतो व पुस्तकांतला किडा सांपडतो असें मुळींच नाहीं. उलट दणकट मुलगा भराभर चढतो म्हणूनच तो लवकर सांपडण्याचा संभव असतो. नियम साधा आहे. सुमारें दहा हजार फुटांच्या वर गेल्यानंतर आजच्या मुक्कामाहून उद्यांचा मुक्काम दीड हजार फुटांपेक्षां फार उंच नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस त्याच ठिकाणीं राहावें. दिवसां वर जाऊन रात्रीं खालीं येऊन निजण्यास हरकत नाहीं. मोजावयाची ती निजण्याची उंची. ॲसिटाझोलामाइड नांवाचें एक औषध या कामीं उपयोगी पडतें, परंतु तें डॉक्टरांनीं प्रकृति पाहून सांगितल्याशिवाय घेऊं नये. ज्यांच्या घराण्यांत सिकल सेलचा दोष आहे (विदर्भांत व नंदुरबारकडे अशीं कुटुंबें पुष्कळ आहेत), त्यांनीं तर निघण्याआधीं रक्ताची तपासणी करून डॉक्टरांचा स्पष्ट होकार घेतलाच पाहिजे. विरळ हवेंत हा दोष जिवावर बेतूं शकतो.

हें सर्व ज्ञान असूनही मुलें फसतात, तीं कशीं, तें पाहा. मित्रांनीं दिवस मोजून आंखलेले असतात, मोटारीचें भाडें देऊन चुकलेलें असतें, उद्यां खारदुंग ला ही सुमारें १७,६०० फुटांवरील खिंड पाहावयाची असते, आणि तेथील छायाचित्र पाठवीन असें घरीं कबूल केलेलें असतें. एकाचें डोकें ठणकत असतें. ‘जरासें दुखतें, एवढेंच,’ असें म्हणून तो गाडींत बसतो. त्याच्या डोक्यांत त्या वेळीं भूगोल नसतो, शरीरशास्त्र नसतें. ‘इतके पैसे खर्चून नुसता परत आलास?’ हें अजून कोणीं न उच्चारलेलें वाक्य असतें. तें वाक्य आपण कधींही उच्चारणार नाहीं, असें आईबापांनीं निघण्यापूर्वीं स्पष्ट शब्दांत सांगावें, आणि मित्रांनींही आपसांत करार करावा कीं, कोणीं ‘डोकें दुखतें’ म्हटलें कीं सर्वांनीं मुक्काम करावयाचा, कोणामुळें दिवस फुकट गेला याचा उच्चार करावयाचा नाहीं. परतीच्या तिकिटाचे पैसे निराळे काढून ठेवावे, म्हणजे परतणें हें पैशाच्या अडचणीमुळेंही अवघड होणार नाहीं.

लडाखास कोणत्या वाटेनें जावें, हा प्रश्न यामुळेंच महत्त्वाचा ठरतो. मनालीची वाट फार प्रसिद्ध आहे, पण तिजवर केलाँग (सुमारें १०,१०० फूट) सोडल्यावर पुष्कळ प्रवासी पुढचा मुक्काम सरचू येथें करतात, व सरचू सुमारें १४,००० फुटांवर आहे. एका दिवसांत चार हजार फूट! शिवाय तेथें कोणी आजारी पडल्यास दक्षिणेस सुमारें १६,००० फुटांची बारालाचा खिंड व उत्तरेसही तशाच खिंडी. म्हणजे खालीं जाण्यासाठीं आधीं वर चढावयाचें. श्रीनगरची वाट या दृष्टीनें कितीतरी शहाणी. श्रीनगर ५,२०० फूट, सोनमर्ग सुमारें ९,०००, मग झोजी ला ही साडेअकरा हजार फुटांची खिंड ओलांडून कारगिलचा मुक्काम पुन्हां पावणेनऊ हजारांवर. तेथें एक दिवस अधिक काढून लेह गांठलें तर शरीराला सवड मिळते. मात्र या सरहद्दीच्या प्रदेशांतून जातांना वाट खुली आहे कीं नाहीं, व त्या वेळीं परिस्थिति कशी आहे, याची चौकशी निघण्याच्या आदल्या दिवशीं पुन्हां करावी. विमानानेंच जाणें भाग असेल तर लेह येथें पहिले दोन दिवस झोपून-बसून काढावे. बाजारापर्यंत फेरी, याहून अधिक नाहीं.

पायीं हिंडण्याचा आरंभ शाम नांवाच्या भागांत करावा. लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम अशीं गांवें एकेका दिवसाच्या अंतरावर आहेत व रात्रीं गांवकऱ्यांच्या घरीं उतरतां येतें. तेथें आठवडा गेल्यावर मारखा खोऱ्याचा विचार करावा. त्यांतील स्किउ, मारखा, हांकर या गांवींही अशीच सोय आहे, पण शेवटीं सतरा हजार फुटांवरील कोंगमारू खिंड आडवी येते व नद्यानाले पाण्यांतून ओलांडावे लागतात. वितळलेल्या बर्फाचें तें पाणी ऊन चढतें तसें चढतें. दुपारीं जो ओढा छातीला लागतो तोच पहाटे गुडघ्याएवढा असतो. म्हणून नाले ओलांडावयाचे ते सकाळीं.

लाहौल व लडाख या प्रदेशांशीं आम्हां मिशन शाळांच्या लोकांचें एक जुनें नातें आहे. मोरेव्हियन मंडळीचे हायडे व पागेल हे दोन जर्मन मिशनरी १८५३ सालीं निघाले ते मंगोलियास जाण्यासाठीं. तिबेटांतून वाट मिळेना. सरहद्दीवरून त्यांना परतविण्यांत आलें. तेव्हां ते अलीकडेच, लाहौलांत, केलाँग येथें १८५६ सालीं घर बांधून राहिले, तेथील भाषा शिकले, आणि हायडे यांनीं त्याच मुलखांत चाळीसांहून अधिक वर्षें घालविलीं. मंगोलिया त्यांनीं कधींच पाहिला नाहीं. पुढें त्याच मंडळीनें लेह येथें १८८९ सालीं काढलेली शाळा आजही चालू आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी तिकडे गेल्यास त्यानें ती अवश्य पाहावी.

सामानाविषयीं थोडक्यांत. सॅकचें वजन आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्शाच्या आंत असावें. पन्नास किलोच्या मुलाला दहा किलो पुष्कळ झाले. बूट महिनाभर आधींपासून वापरून पायाला बसलेले असावे. एक जाड कोट घेण्यापेक्षां एकावर एक चढवितां येतील असे पातळ लोकरी कपडे बरे. उन्हासाठीं टोपी, काळा चष्मा व ओठांना लावण्याचें मलम. तेथील ऊन थंड वाऱ्यांत जाणवत नाहीं आणि कातडी मात्र सोलून काढतें. आईनें दिलेले लाडू घ्यावे. लोणच्याची बरणी घेऊं नये.

त्यापेक्षां रीतभात अधिक मोलाची. ‘जुले’ या एका शब्दानें नमस्कार होतो, आभारही होतात. तो मोकळेपणानें वापरावा. वाटेंत दगडांवर मंत्र कोरून रचलेल्या लांब भिंती लागतात, त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून जावें. खारट लोण्याचा चहा पुढें आला असतां तोंड वांकडें करूं नये. दोन दिवसांनीं तो आवडूं लागतो असें अनेकजण सांगतात. सर्वांत जपावयाचें तें पाण्याला. त्या कोरड्या प्रदेशांत वर्षाचा पाऊस आपल्या कोंकणच्या एखाद्या दिवसाइतकाही पडत नाहीं, आणि जवाच्या शेतांना जें पाणी मिळतें तें बर्फाचें, पाटांनीं आणलेलें. त्या पाटांत साबण लावून कपडे धुणारा पाहुणा गांवाच्या तोंडचें पाणी नासवितो.

कागदपत्रांची बाब कंटाळवाणी पण टाळतां न येणारी. अठरा वर्षें पुरीं झाल्याशिवाय मुलाला एकट्याला पाठवूं नये. पुष्कळ लॉजवाले त्याला खोलीच देत नाहींत. ओळखपत्राच्या तीन-चार प्रती निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. सरहद्दीजवळच्या भागांत जाण्याचे नियम वेळोवेळीं बदलतात, ते लेह येथें पोहोंचल्यावर विचारावे. शहराबाहेर पैसे काढण्याची सोय क्वचितच असते, म्हणून रोख रक्कम जवळ असावी. आणि परत आल्यावर महाविद्यालयांत प्रवेश घेतांना शिक्षणांत खंड कां पडला याचें प्रतिज्ञापत्र मागतात. आपणांस हव्या त्या महाविद्यालयाचा नियम निघण्याआधींच लेखी विचारून घ्यावा, म्हणजे वर्ष मोकळें ठेवण्याच्या नादांत दोन वर्षें जावयाचीं नाहींत.

आतां राहिला फोन. आई म्हणते, रोज रात्रीं फोन कर. मुलगा भाबडेपणानें कबूल करतो. खोऱ्यांत शिरल्यावर फोन लागत नाहीं, तिसऱ्या दिवशीं घरांत रडारड सुरू होते, आणि इकडे मुलगा केवळ फोनसाठीं मुक्काम सोडून पुढच्या खिंडीवर चढूं लागतो. त्यापेक्षां एका कागदावर तारखा, गांवांचीं नांवें, प्रत्येक मुक्कामाची उंची, आणि निरोप कोणकोणत्या दिवशीं येईल तें लिहून काढावें. ठरलेल्या दिवसानंतर दोन दिवस निरोप आला नाहीं तर कोणाला विचारावयाचें, त्याचें नांवही खालीं लिहावें : लेह येथील ज्या घरीं मुलगा उतरला त्या घरचा धनी, किंवा बरोबरचा वाटाड्या. एक प्रत मुलाजवळ असावी, दुसरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावी. एकेक तारीख उलटली कीं आईनें तिजवर पेन्सिलीनें खूण करावी, आणि ज्या दिवशीं निरोप यावयाचा नाहीं त्या दिवशीं फोन खुशाल दुसऱ्या खोलींत ठेवावा.